पेट्रोल पंपावरील सेवक आणि बेंझीनची बाधा

वाहनाच्या टाकीत एक लिटर पेट्रोल ओतले की टाकीतील सुमारे तेवढीच बाष्पमिश्रित हवा बाहेर पडते. हे बाष्प हवेहून जड असते. ते चटकन वर जात नाही, तर नळी धरून वाकलेल्या सेवकाच्या तोंडाशीच रेंगाळते. कित्येक देशांत वाहनधारक स्वतः इंधन भरून घेतो. आपल्याकडे ते काम दिवसभर सेवकच करतो. टँकर रिकामा होताना आणि मापकाठीने साठा पाहताना बाष्पाचा हा मारा अधिकच वाढतो. वैशाखाच्या उन्हात तर विचारावयासच नको.

या बाष्पातील सर्वांत घातक घटक बेंझीन होय. डोकेदुखी, चक्कर, डोळ्यांची जळजळ हे त्रास मोकळ्या हवेत ओसरतात आणि म्हणूनच दुर्लक्षिले जातात. खरी हानी निमूटपणे होत असते. यकृतात बेंझीनचे रूपांतर होऊन निर्माण होणारी द्रव्ये रक्तपेशी जेथे तयार होतात त्या अस्थिमज्जेस इजा पोहोचवितात. परिणामी रक्तक्षय होतो. क्वचित रक्ताचा कर्करोगही जडतो. स्वीडनमधील सायकल टायर कारखान्यातील स्त्री कामगारांच्या अस्थिमज्जेवरील असा आघात 1897 मध्येच नोंदविला गेला होता.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1971 मध्ये बेंझीनविषयक करार संमत केला व भारताने 1991 मध्ये त्यास मान्यता दिली. नियतकालिक रक्ततपासणीची तरतूद त्यात आहे. मात्र 1 टक्क्याहून अधिक बेंझीन असलेल्या पदार्थांपुरताच तो लागू होतो, आणि 2010 पासून देशभर पेट्रोलमधील बेंझीनची कमाल मर्यादा 1 टक्का झाली आहे. मर्यादा घटली हे उत्तमच. पण तपासणीची गरज त्यामुळे संपली, असा अर्थ कोणी काढू नये.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या विक्रीच्या नव्या पंपांवर बाष्प परत खेचून घेणारी यंत्रणा अपेक्षिलेली आहे. नवा पंप शाळा व वस्तीपासून सर्वसाधारणपणे 50 मीटर दूर असावा, असेही त्यांत म्हटले आहे. ना-हरकत दाखला देताना ग्रामपंचायतींनी हे अंतर प्रत्यक्ष मोजून पाहावे.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क बाष्प अडवीत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी लागते. गूळ खाल्ल्याने विष उतरते, या समजुतीसही आधार नाही. सेवकाने वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, पेट्रोलने हात धुऊ नयेत आणि तोंडाने नळी ओढून तर पेट्रोल कदापि काढू नये. नळी आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर’साठी आणखी थोडे ओतावयास लावणारे ग्राहकही या बाष्पात भर घालीत असतात.

पंप दूर असलेल्या गावी किराणा दुकानात बाटल्यांतून पेट्रोल विकले जाते. तेथे ते ओतणारा हात बहुधा दुकानदाराच्या मुलाचा असतो आणि त्याच्या रक्ताची तपासणी कोणत्याच नोंदवहीत येत नाही.