फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा

कौटुंबिक स्मरणिकेसाठी आम्ही घरातले जुने फोटो एका दुकानात स्कॅनिंगला दिले. फोटो काळेपांढरेच, म्हणून तिथे सगळे ग्रेस्केल जेपेगमध्ये करून मिळाले. आजीच्या लग्नातल्या फोटोवर ओल लागून पिवळट डाग पडला होता. नुसत्या डोळ्यांना तो सहज वेगळा दिसायचा. स्कॅनमध्ये मात्र तो करडा होऊन तिच्या गालावरच्या सावलीत मिसळला. पुसायला जावं तर गालही पुसला जाई.

मूळ फोटो हाताशी होता म्हणून निभावलं. तोच फोटो आरजीबीमध्ये पुन्हा स्कॅन केला आणि तिन्ही चॅनेल वेगवेगळे पाहिले. पिवळा-तपकिरी डाग निळा प्रकाश शोषून घेतो, लाल बराचसा परत पाठवतो. त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये डाग गडद होता, तर लाल चॅनेलमध्ये जेमतेम दिसत होता. आम्ही लाल चॅनेलवरूनच कृष्णधवल प्रत केली. ग्रेस्केल करताना हे तिन्ही चॅनेल एकत्र होतात; नेहमीच्या सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे 59, लालचा 30 आणि निळ्याचा 11 टक्के असतो. एकदा ते मिसळले की पुन्हा सुटे करता येत नाहीत.

म्हणून दुकानदाराला आधीच सांगा: रंगीत स्कॅन, जमल्यास दर चॅनेलला 16 बिट, आणि टिफ फाइल. 8 बिटमध्ये करड्याच्या 256 छटा मिळतात. फिकट फोटोत त्यातल्या थोड्याच वापरल्या जातात आणि फोटो उठावदार करताना आकाशात, भिंतीवर पट्टे उमटतात.

कॅमेऱ्यातही हेच धोरण ठेवा. मोनोक्रोम मोड लावलात तरी सोबत रॉ फाइल घ्या, तिच्यात रंग शाबूत राहतात. लाल साडी आणि मागची हिरवी झाडी एकसारखी करडी दिसली, तर रॉ फाइलमधून त्या वेगळ्या काढता येतात.

रंगाचा मोड अगदी शेवटी, छपाई ठरल्यावर आणि फक्त प्रतीवर बदला. पुस्तक एकाच काळ्या शाईत छापायचं असेल तर ग्रेस्केल प्रत द्या. तिथे सीएमवायके फाइल गेली तर करडा रंग चार शायांतून तयार होतो आणि प्रमाण जरा बिघडलं तरी चेहऱ्यांवर तांबूस किंवा हिरवट झाक येते. फोटो लॅबला बहुधा एसआरजीबी लागतं. आधी विचारून घ्या.

रंगीत फाइल तिप्पट जागा खाते, हे खरं. पण जागा विकत मिळते. कागदावरचा फोटो दरवर्षी थोडा फिका पडतो, तेव्हा स्कॅन आत्ताच आणि रंगीतच करून घ्या.