करार तोंडी असला तरी दाद मागता येते

प्रश्न : किचन ट्रॉल्यांसाठी कंत्राटदाराला ८० हजार रुपये आगाऊ दिले. काम अर्धवट टाकून तो आता फोनही उचलत नाही. स्टॅम्प पेपर केला नव्हता. पैसे बुडाले का?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : नाही, ताई. भारतीय करार कायदा, १८७२ अशा कामाचा तोंडी करारही मानतो. अडते ते पुराव्यापाशी. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवर ठरलेला दर, अर्धवट कामाचे फोटो जपा. एकही मेसेज पुसू नका. उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेण्याआधी त्याचं दरपत्रक घ्या, भरपाई मागताना तेच कामी येईल.

आधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. पुष्कळ वाद इथेच मिटतात.

नाहीच दाद दिली, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकिलाच्या फीची काळजी नको: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील देतं.