शिकवणारा ट्रम्पेटवादक : क्लार्क टेरी

बँडच्या तासाला नवा कॅडेट हमखास विचारतो, "सर, बिगुलाला बटणं का नाहीत?" बिगुलाला झडपा नसतात. ओठांचा ताण कमीजास्त करून जे चार-पाच स्वर निघतात, त्यांवरच रिव्हॅलीपासून लास्ट पोस्टपर्यंत सगळे कॉल वाजतात. ट्रम्पेटला तीन झडपा असल्यामुळे मधले स्वरही मिळतात. पण ओठ तयार होतात ते बिगुलावरच. हे पटवून देताना मी क्लार्क टेरी यांचं नाव घेतो.

टेरी यांचा जन्म 14 डिसेंबर 1920 रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. अकरा भावंडांत ते सातवे. ट्रम्पेट विकत घेणं शक्यच नव्हतं. म्हणून दहा-एक वर्षांच्या क्लार्कने भंगारातली रबरी नळी गुंडाळली, एका टोकाला रॉकेलचं नरसाळं आणि दुसऱ्या टोकाला पाइपचा तुकडा बसवला, आणि फुंकायला सुरुवात केली. तो आवाज शेजाऱ्यांना सोसवेना. त्यांनी वर्गणी काढून गहाणवटीच्या दुकानातून साडेबारा डॉलरचा खरा ट्रम्पेट त्याला आणून दिला. पुढे माजी सैनिकांच्या संघटनेच्या ड्रम-बिगुल पथकात तो बिगुल वाजवू लागला.

याच वयात त्याने एका जुन्या वादकाला विचारलं, खालच्या सप्तकातला सूर भरदार कसा काढायचा? त्या माणसाने मुद्दाम काहीतरी अर्थहीन उपाय सांगितला. आपल्याकडेही ठेवणीतली चीज शिष्यापासून लपवणारे उस्ताद होऊन गेलेच की! क्लार्कने मनाशी ठरवलं, आपल्याला जे येईल ते मागणाऱ्याला द्यायचं. मात्र एकदा त्यांचाही पाय घसरला. इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावी एक सडपातळ पोरगा त्यांच्याशी ट्रम्पेटबद्दल बोलायला आला. टेरींचं लक्ष तिथे जमलेल्या मुलींकडे होतं. त्यांनी त्याला झटकून टाकलं. पुढे सेंट लुइसच्या एका क्लबात कुणीतरी अप्रतिम वाजवतंय म्हणून ते जिना चढून धावत गेले, तर तोच पोरगा. त्याचं नाव माइल्स डेव्हिस.

1942 ते 1945 टेरी अमेरिकी नौदलात होते. त्याआधी तिथे कृष्णवर्णीयांना मुख्यतः भटारखान्यात आणि अधिकाऱ्यांच्या पंगतीत वाढप्याचंच काम मिळे. 1942 मध्ये इतर हुद्दे खुले झाले आणि शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स तळावर कृष्णवर्णीय वादकांचे बँड उभे राहिले. छावण्या मात्र गोऱ्यांपासून वेगळ्याच. तिथे टेरींनी एक चमत्कारिक वाटणारा रियाज केला : ट्रम्पेटवर क्लॅरिनेटच्या पुस्तकातले धडे वाजवायचे. क्लॅरिनेटवर बोटं भरभर फिरतात, तेवढी गती त्यांना ट्रम्पेटवर हवी होती. बोटं साधली तरी जीभ मागे पडते. जलद वाजवताना आपण 'टू-कू, टू-कू' अशी दुहेरी जीभ मारतो, त्यात सूर तुटक होतो. टेरी त्याऐवजी 'डूडल-डूडल' असं म्हणत फुंकत. सूर वेगातही गोल राहतो. ज्यांनी तबल्याचे बोल तोंडाने म्हटले आहेत, त्यांना हे लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे.

युद्धानंतर 1948 मध्ये ते काउंट बेसींच्या बँडमध्ये आणि 1951 मध्ये ड्यूक एलिंग्टन यांच्याकडे गेले. बेसींचा बँड ही आपली तयारीची शाळा आणि एलिंग्टनचा बँड विद्यापीठ, असं ते म्हणत. बेसींबरोबर सिअ‍ॅटलला असताना क्विन्सी जोन्स नावाचा शाळकरी मुलगा शिकायला येई. टेरी रात्रभर वाजवून परतत, मुलाला सकाळी शाळा. म्हणून शिकवणी पहाटे, झोपण्याआधी. 1959 मध्ये टेरींनी एलिंग्टनना सोडलं ते याच शिष्याच्या वाद्यवृंदात वाजवण्यासाठी! गुरूने शिष्याच्या हाताखाली उभं राहणं आपल्याकडे सहज पचलं असतं का, मला शंका आहे.

1960 मध्ये ते एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीच्या पगारी वाद्यवृंदातले पहिले कृष्णवर्णीय वादक ठरले. एका हातात ट्रम्पेट आणि दुसऱ्या हातात फ्लूगलहॉर्न धरून ते स्वतःशीच सवाल-जवाब करत. 900 हून अधिक ध्वनिमुद्रणांत त्यांचं वादन आहे. त्याच काळात हार्लेममधल्या मुलांना शिकवणं सुरू झालं आणि मग शाळा-महाविद्यालयांतली शिबिरं कधी थांबलीच नाहीत. त्यांची पद्धत तीन पायऱ्यांची. आधी मोठ्यांची हुबेहूब नक्कल करा, मग ते अंगात मुरवा, शेवटी स्वतःचं काढा. आपले कॅडेट तिसऱ्या पायरीवर उडी मारू पाहतात. दुसरी सर्वांत लांब असते.

उतारवयात मधुमेहाने त्यांची नजर मंदावली, दोन्ही पाय कापावे लागले. ट्रम्पेट उचलवत नव्हता. तरी आर्कान्सॉमधल्या घरी पलंगावर पडून ते रात्री उशिरापर्यंत जस्टिन कॉफ्लिन या तरुण पियानोवादकाला शिकवत. जस्टिनची दृष्टी अकराव्या वर्षीच गेलेली. टेरी तोंडाने ओळ म्हणत, जस्टिन ती पियानोवर उतरवी, चुकली की पुन्हा. अ‍ॅलन हिक्स या त्यांच्याच एका शिष्याने त्यावर केलेला माहितीपट 2014 मध्ये आला. निर्मात्यांत क्विन्सी जोन्स होते. 21 फेब्रुवारी 2015 रोजी टेरी गेले, तेव्हा ते 94 वर्षांचे होते.