हरिपाठ, अभंग पहिला : द्वारकेच्या राजाने घोडे सोडले



कोजागरीला मी इथे मोठ्या उत्साहात लिहिलं होतं की त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे गावाकडे काकडा चालतो तेवढे दिवस, हरिपाठाचा रोज एक अभंग घेऊ. आठवडा उलटला आणि मी अजून पहिल्यावरच आहे. आधी वाटलं, वेळ नाही म्हणून. आता वाटतंय, तो अभंग मला सोडत नव्हता.

माउली या अभंगात फार थोडं मागतात. देवाच्या दारात क्षणभर उभं राहा, एवढंच. आणि त्या बदल्यात किती? सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता, चारी मुक्ती! मी हा अभंग ऑफिसच्या कॅबमध्ये म्हणते, एक डोळा ईमेलवर ठेवून. ‘क्षणभर’ हा शब्द मला फार सोयीचा वाटायचा. आपल्यासारख्या बिझी लोकांसाठीच जणू लिहिलाय. पण त्याच्या शेजारी ‘उभं राहणं’ आहे, तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं. उभं राहायचं म्हणजे आधी चालणं थांबवावं लागतं ना!

आता शनिवारची गोष्ट सांगते.

मागच्या दिवाळीत मी लेकीला किल्ला करायचं वचन दिलं होतं. रिलीज आली, वेळ गेला, शेवटी रस्त्यावरून प्लास्टरचा तयार किल्ला आणला. छान होता, रंगवलेला. तिने बघितला, ‘थँक यू’ म्हणाली आणि मावळ्यांचा डबा उघडलाच नाही. दिवाळीभर तो किल्ला रिकामा होता. रडली असती तर बरं झालं असतं.

यंदा सोमवारी रिलीज, आणि शनिवारी सकाळी सात वर्षांची ही बाई दारात उभी. हातात घमेलं. म्हणाली, ‘आई, तू हो म्हणतेस. पण येत नाहीस.’ आवाजात तक्रारसुद्धा नव्हती.

गेले खाली.

पार्किंगमागच्या कोपऱ्यात विटा रचल्या, कुंड्यांमधले दगड लावले. गोणपाट चिखलात बुडवून त्यावर पांघरलं. ऑक्टोबरचं ऊन चांगलंच चटका देत होतं, पण आभाळ असं स्वच्छ की शरद ऋतूला एवढं का नावाजतात ते कळावं. बुरूज दोनदा ढासळला. (स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग माझा विषय नव्हता.) लेकीने पायऱ्या कोरल्या, चार वर्षांच्या धाकट्याने महादरवाज्यावर पहारेकरी म्हणून डायनासोर बसवला. त्यावर बहीणभावात मोठी चर्चा झाली आणि डायनासोर राहिला. मग उतारावर अळीव पेरले. खिशात फोन तीनदा थरथरला. हात कोपरापर्यंत चिखलात होते, उचलणार कसा? तिसऱ्यांदा वाजला तेव्हा लेकीने माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, ‘पाणी घाल अजून.’

तिथे, चिखलात उकिडवं बसलेलं असताना, अभंगाचा शेवटचा चरण आठवला. व्यासांची खूण देऊन माउली तिथे सांगतात की द्वारकेचा राजा पांडवांच्या घरी राहतो. मी इतकी वर्षं याचा अर्थ घेत होते की भक्ती असली की देव घरी येतो. बरोबरच आहे. पण घरी येऊन तो करतो काय?

महाभारताच्या द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. युद्धाचा चौदावा दिवस. अभिमन्यू आदल्या दिवशी गेलाय. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. याहून कडक डेडलाइन मला तरी माहीत नाही! जयद्रथ अजून लांब, ऊन उतरायला लागलेलं, आणि घोडे दमलेले, बाणांनी जखमी. तेव्हा भर रणांगणात रथ थांबतो. अर्जुन खाली उतरून शत्रूला थोपवून धरतो, बाणाने जमिनीतून पाणी काढतो, बाणांचाच निवारा उभा करतो. आणि श्रीकृष्ण? तो घोडे सोडतो. त्यांच्या अंगातले बाण उपटतो, अंग चोळतो, पाणी पाजतो, चारा घालतो. मग पुन्हा जुंपतो.

मला यात ‘वर्क लाइफ बॅलन्स’ वगैरे दिसत नाही. प्रतिज्ञा काही रद्द झाली नव्हती, सूर्य त्यांच्यासाठी थांबून राहिला नव्हता. तरी जगाचा मालक मोतद्दाराचं काम करत होता आणि त्या वेळी तेच त्याचं काम होतं. माझा गोंधळ इथेच व्हायचा. मुलांसोबतचा वेळ मी ऑफिसकडून चोरल्यासारखा वापरायचे आणि नामाचा वेळ मुलांकडून चोरल्यासारखा. सगळीकडे चोर! (मुलांना घोडे म्हटलं म्हणून रागावू नका. दमलेली कोण होती, हा प्रश्न वेगळाच.)

फोनचं काय झालं ते विचाराल. खरंच एक बग निघाला होता. रात्री मुलं झोपल्यावर बसले, दीड वाजला. सोमवारी डोळे चुरचुरत होते. तेही खरंच.

आज सकाळी देवापुढे पहिलाच अभंग म्हणत होते, तेवढ्यात खालून हाक आली, ‘आई! अळीव उगवलेत! डायनासोरच्या पायापाशी पण!’

पोथी उघडीच ठेवली आणि चपला न घालता जिना उतरले.

उद्या दुसरा अभंग. बहुतेक.