पाचवे शील आणि ‘डेमन कॉपरहेड’

पंचशील ग्रहण करताना मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा आपण करतो. व्यसनी माणूस दिसला की “याने शील मोडले” असे म्हणून मोकळेही होतो. एवढा निवाडा पुरेसा आहे काय? बार्बरा किंगसॉल्व्हर या अमेरिकन लेखिकेची ‘डेमन कॉपरहेड’ (२०२२) ही कादंबरी वाचून आम्हांस हा प्रश्न पडला. चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’चा साचा घेऊन ती लिहिली आहे. २०२३ साली तिला पुलित्झर पारितोषिक विभागून मिळाले.

कथा घडते व्हर्जिनिया राज्यातील ली काउंटी या डोंगराळ, दरिद्री भागात. डेमनच्या जन्मापूर्वीच त्याचे वडील वारलेले. व्यसनी आई उपचारासाठी जाते, तेव्हा सरकार त्याला ‘फॉस्टर केअर’मध्ये, म्हणजे सरकारी पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या परक्या घरी ठेवते. तेथील म्हातारा शेतकरी मुलांना तंबाखूच्या शेतात राबवतो. पुढे गोळ्यांच्या अतिसेवनाने आई मरते. दुसऱ्या घरात डेमनच्या पोटाला पुरेसे मिळत नाही. मोठेपणी फुटबॉल खेळताना त्याचा गुडघा जायबंदी होतो, आणि डॉक्टरच वेदनाशामक गोळ्या देतात. व्यसन येते ते असे, औषधाच्या रूपाने.

ही निव्वळ कल्पना नव्हे. १९९६ साली ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही गोळी बाजारात आली. तिची चटक कमी लागते, असा प्रचार झाला. २००७ साली पर्ड्यू समूहातील कंपनीने व्हर्जिनियातीलच न्यायालयात दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला.

भगवान बुद्धांनी ही दुसरी बाजू सोडलेली नाही. अंगुत्तर निकायात उपासकाला वर्ज्य असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. म्हणजे घेणाऱ्याइतकाच विकणाराही उत्तरदायी आहे. आपल्या वस्तीत मात्र आपण पिणाऱ्याच्या लेकराला “दारुड्याचे पोर” म्हणून हिणवतो, आणि गुत्तेवाल्याची वर्गणी घेऊन त्याला जयंतीच्या मंचावर खुर्ची देतो! हे कोणते शीलपालन?

डेमन सावरतो. त्याची चित्रकला ओळखणारी शिक्षिका, पाठ न सोडणारी परिचारिका आणि एक जिवलग मैत्रीण, अशी माणसे त्याला मिळतात. लेखिकेनेही पुस्तकाच्या मानधनातून त्याच ली काउंटीत व्यसनमुक्त होऊ पाहणाऱ्या स्त्रियांसाठी निवास उभारला. तो २०२५ साली सुरू झाला. करुणा कृतीत उतरते ती अशी.

विद्यार्थी मित्रांनो, दोन प्रश्नांवर विचार करा. तुमच्या वर्गात असा डेमन कोण आहे? आणि त्याचा अभ्यास घ्यायला, त्याच्या पानात भाकरी वाढायला आपल्यापैकी कोण पुढे येणार? या प्रश्नांची उत्तरे आम्हां वडीलधाऱ्यांनीही दिली पाहिजेत.

जयभीम!