यंत्राचा पत्ता

गावाकडे पत्र धाडताना आपण नावाखाली मु., पो., ता., जि. असे लिहितो. टपाल कचेरीत ते पाहून आधी एकच गोष्ट ठरते : पत्र येथेच वाटायचे की पुढे पाठवायचे? संगणकांच्या जाळ्यातही प्रत्येक निरोपाबाबत प्रथम हाच निर्णय होतो. तो कसा होतो, हे युनिक्स घराण्यातील फ्रीबीएसडी या प्रणालीच्या आधारे पाहू.

पत्ता संगणकाचा असतो असे आपण म्हणतो. ते पुरते खरे नव्हे. पत्ता असतो तो इंटरफेसचा, म्हणजे निरोप जेथून ये-जा करतात त्या दाराचा. दारे दोन असली तर पत्तेही निराळे. तार न जोडलेल्या यंत्रालाही स्वतःशी बोलण्यापुरता १२७.०.०.१ हा पत्ता असतो.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असतो. आठ-आठ बिटांचे चार भाग पाडून तो लिहितात. म्हणून प्रत्येक भाग ० ते २५५ यांमधला. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२०. यात वाडी कोणती व घर कोणते, हे नेटमास्क सांगतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन भाग वाडीचे, शेवटचा घराचा. अशा वाडीत २५६ क्रमांक येतात. पहिला वाडीच्या नावाचा आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा. उरलेले २५४ यंत्रांना देता येतात.

पत्ता देण्याची आज्ञा 'इफकॉन्फिग'. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या १९८३ च्या प्रणालीत ती प्रथम आली. लिनक्सवर आता बहुधा 'आयपी' ही आज्ञा वापरतात. यंत्रावर आज्ञा रोमन लिपीतच द्यावी लागते; येथे केवळ उच्चार देतो. दाराचे नाव ईएम० असल्यास 'रूट' या मुख्य वापरकर्त्याने लिहावे :

इफकॉन्फिग ईएम० आयनेट १९२.१६८.१.२० नेटमास्क २५५.२५५.२५५.०

वाडीबाहेरचे निरोप कोणाच्या हाती द्यायचे, तेही सांगावे लागते :

राऊट ॲड डीफॉल्ट १९२.१६८.१.१

मास्क चुकला तर गंमत होते. २५५.२५५.०.० लिहिल्यास आपले यंत्र १९२.१६८.२.७ या परक्या वाडीतील यंत्रालाही शेजारी समजते. निरोप वेशीवर नेण्याऐवजी ते आपल्याच गल्लीत हाका मारीत बसते. शेजाऱ्यांशी बोलणे सुरळीत, दूरच्यांशीही सुरळीत. मधलेच काही गप्प! असा दोष शोधताना प्रथम मास्क पाहावा.

माझी स्वतःची चूक याहून साधी होती. आमच्या संगणक कक्षातील एका यंत्राला मी पत्ता दिला, 'पिंग' करताच उत्तर आले, आणि मी खुशीत घरी गेलो. सायंकाळी यंत्र बंद झाले. सकाळी सुरू केले तर पुन्हा मुके! आज्ञेने दिलेला पत्ता यंत्र चालू असेपर्यंतच टिकतो, हे मला ठाऊक नव्हते. कायमचा ठेवायचा तर तो 'ईटीसी' निर्देशिकेतील 'आरसी.कॉन्फ' या फाईलमध्ये लिहावा लागतो. यंत्र सुरू होताना तीच वाचते. वेशीवरच्या यंत्राचा पत्ताही तेथेच 'डीफॉल्टराऊटर' या नावापुढे लिहायचा.

तोंडी झालेली वाटणी आणि सातबाऱ्यावर चढलेली वाटणी यांतला फरक शेतकऱ्याच्या घरी कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तो मला मात्र एका यंत्राने पुन्हा शिकविला. म्हणून आता काम झाले की मी यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करतो, आणि उत्तर आल्यावरच कक्षाबाहेर पडतो.