कप अर्धा भरा, पण चहाला जा

प्रश्न : माझं वय ६३. तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. शर्टाची बटणं लावायला १५ मिनिटं लागतात, चारचौघांत कप धरायची लाज वाटते. सगळे म्हणतात, ‘सकारात्मक राहा.’ आजार वाढतच जाणार असेल, तर ते जमायचं कसं?

उत्तर : आधी एक गोष्ट मनावर कोरून ठेवा, ही उदासी तुमचा दुबळेपणा नाही. मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा हालचालींबरोबर उत्साहही ओसरू शकतो. मरगळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत.

पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी चालू असेल, तर ती ठरल्या वेळीच घ्या. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं तिच्या शोषणात अडथळा आणू शकतात, म्हणून जेवणाआधी किती वेळ घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. गोळीचा असर चांगला असेल, त्या वेळेत फिरणं, आंघोळ, बँकेची कामं उरका. चालताना पाय जमिनीला खिळले, तर ओढाताण करू नका. थांबा आणि ‘एक-दोन’ असा ठेका धरून पाऊल टाका. आवाजाच्या सरावासाठी रोज पेपर खणखणीत वाचा. बटणांच्या जागी वेल्क्रो लावून घ्या.

ताणाने कंप वाढतो. तो लपवण्यापेक्षा मित्रांना सरळ सांगून टाका. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटात समदुःखी भेटतात.

सकारात्मक राहणं म्हणजे सदा हसतमुख असणं नव्हे. वाईट दिवशी रडून घ्या. दुसऱ्या दिवशी मात्र मित्रांच्या कट्ट्यावर जा.